पहिलं टिंब विहिरीवर

जळगावच्या उन्हाळ्याचं कौतुक मला कोणी सांगू नये. बाहेरगावचे लोक फोनवर विचारतात, ‘काय हो, तुमच्याकडे फार तापलं म्हणे,’ आणि त्यांच्या आवाजात जरा मजा वाटल्यासारखी असते. मला राग येतो. इथे राहून बघा म्हणावं. सकाळी नळाचं पाणी हातावर घेतलं तर चटका बसतो, गच्चीवर वाळत घातलेली साडी खाली येईपर्यंत कडक होते, आणि दुपारी रस्त्यावर माणूस सोडा, कुत्रंही दिसत नाही. तरीही वैशाख लागला, कूलरमध्ये नवीन वाळा भरला, आणि त्याचा पहिला ओला वास खोलीत पसरला, की माझा डावा हात आपोआप टेबलावर जातो. तिथे आता काही नसतं. पूर्वी एक पाटी असायची.

यंदाही तसंच झालं. आरेखनाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती कालच संगणकावर चढवली. नवी आवृत्ती आली की जुनं सगळं पुसलं जातं. आपण मांडलेली हत्यारं, आपले मेनू, सवयीच्या जागा, काही म्हणजे काही उरत नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं होतं, मीठ कुठे आणि चमचे कुठे. मग सगळं बाजूला ठेवून मी पहिला एक दिवस आपली मांडणी करण्यात घालवते. ठिबकचे नकाशे काढणारी मी बाई, मला त्यांचे सोफे आणि खिडक्या काय करायच्या आहेत? ते काढून टाकायचं. विहीर, पाइप, व्हॉल्व्ह, बांध, झाड, एवढं आणून ठेवायचं. आणि हे करताना दरवेळी तो एक उन्हाळा येतो आणि समोर बसतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मदनशेठचं पाइपांचं दुकान होतं आणि वर माडीवर आमचं ड्रॉइंगचं ऑफिस. मदनशेठ राजस्थानातल्या जैन घराण्यातले, पण तीन पिढ्या जळगावात. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, फक्त हिशेब मारवाडीत करायचे. केळीला ठिबक बसवायची लाट तेव्हा नुकती आली होती. मृगबाग, म्हणजे जूनमध्ये केळी, लावायची तर शेतकऱ्याला नकाशा मे महिन्यातच हवा असायचा. फैजपूर, यावल, रावेरकडची माणसं दुपारच्या बसने यायची, डोक्याचं उपरणं सोडून जिन्यात बसायची आणि आमचा कधी होतो म्हणून विचारायची. ऑफिसात संगणक आला होता. त्याला गरमी सोसत नाही म्हणून काचेची खोली केली होती आणि तिला मोठा कूलर. आम्हा माणसांना सोसते, असा त्यातला हिशेब. त्या खोलीत बसायचं भाग्य माझं, कारण ऑफिसात ते यंत्र शिकलेली मी एकटी.

बाहेर, खिडकीशी, नानांचा बोर्ड. नाना म्हणजे माझे वडील. मदनशेठकडे तेच आधी होते. मला त्यांनीच तिथे लावलं. मूळचे सोनगीरचे, धुळ्याला ड्राफ्ट्समनचं शिकले, मग जळगावला आले ते इथलेच झाले. शेताची मोजणीही तेच करायचे. सुट्टीत मी कधी त्यांच्याबरोबर जायची. शेतकरी बांधावर उभा राहून शेत दाखवत असायचा आणि नानांचं लक्ष नसायचं. ते सरळ चालत विहिरीकडे जायचे, काठावरून वाकून पाणी बघायचे, पिशवी कठड्यावर ठेवायचे आणि मग म्हणायचे, हं, आता सांगा. उन्हाळ्यात ट्रेसिंगवर घाम पडू नये म्हणून मनगटाखाली पंचा घडी करून ठेवायचे. त्यांची रेघ बघून मदनशेठ म्हणायचे, नानासाब, ही छापलेली आहे का? त्या दिवशी नाना घरी येताना माझ्यासाठी उसाचा रस घ्यायचे.

आणि त्याच वर्षी, महाशिवरात्रीच्या आसपास, नानांची उजवी बाजू गेली. सकाळी दाढी करता करता हातातलं रेझर पडलं आणि पाठोपाठ ते. हात गेला, पाय लुळा पडला, आणि वाचाही गेली. पाय पुढे थोडा सुधारला. काठी आणि एक खांदा मिळाला की चालायचे. वाचा मात्र आली नाही. आला तो एक शब्द. आमच्या अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. तेवढाच उरला. पाणी हवं असलं तरी शे, नको असलं तरी शे, राग आला की शे शे शे, आणि डोळ्यांत पाणी आलं की खूप हळू, शे. सगळं आयुष्य शहरी मराठी बोलले, ऑफिसात, शेतकऱ्यांशी, आमच्याशी. शेवटी जिभेवर राहिला तो सोनगीरचा शब्द.

डॉक्टर म्हणाले, त्यांना किती समजतंय हे खात्रीने सांगता येणार नाही. झालं. डॉक्टरांनी सांगता येणार नाही म्हटलं आणि लोकांनी समजत नाही असं धरून टाकलं. भेटायला येणारे त्यांच्याशी मोठ्याने बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं, नाहीतर लहान पोराशी बोलावं तसं. ओळखलं का मला, कोण मी, सांगा बरं. नाना भिंतीकडे तोंड करायचे. मी तशी फटकळ, पण येणाऱ्याला काय बोलणार? माय मात्र शांतपणे सांगायची, प्रत्येकाला, तेच वाक्य: “त्यासले बठ्ठं समजस. घाई करू नका.” त्यांना सगळं समजतं, हे ऐकून लोक मान हलवायचे. तिची कीव करायचे.

सोनगीरहून काका आले, नानांचे धाकटे भाऊ. अतिशय भला माणूस, नानांवर जीव. त्यांचं म्हणणं, दादाला मी गावी नेतो. इथे दोन खोल्यांत, या पत्र्याखाली कशाला? तिकडे निंबाची सावली आहे, खाट टाकू, पोरं आहेत बघायला, पडून राहील बिचारा. आता त्याला शहर काय आणि गाव काय. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी येतो, तयार ठेवा. यात खोटं काय होतं? काही नाही. पण हे सगळं ते नानांच्या उशाशी बसून बोलले, नाना तिथे नसल्यासारखे. मी नानांकडे पाहिलं. ते डाव्या हाताने चादरीवर सरळ रेघा ओढत होते, नखाने. एक, तिच्याखाली दुसरी. सारख्या अंतरावर. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की हा माणूस खाटेवर पडायला जाणार नाही.

आता त्या पाटीबद्दल सांगते. आजच्या पोरांना ती माहीत नाही. संगणकाला जोडलेली एक मोठी सपाट पाटी असायची आणि तिच्यासोबत वायर असलेलं पेन. पाटीच्या एका भागात बारीक बारीक चौकटींचा छापील कागद चिकटवलेला असे. ज्या चौकटीवर पेन टेकवाल ते काम यंत्र करणार. उरलेल्या मोकळ्या भागात शेताचं कच्चं रेखाटन चिकटवायचं आणि त्यावरचे कोपरे पेनने एकेक टिपायचे, की पडद्यावर तसंच शेत उमटायचं. पेन पाहून माझ्या मनात आलं, पेनच आहे ना? डाव्या हाताने धरता येईल. रेघ सरळ यायची चिंता नाही, ती यंत्राची. फक्त टेकवायचं.

पण छापील कागदावरच्या चौकटी मुगाएवढ्या, आणि त्यांत इंग्रजी अक्षरं. नानांचं वाचणंही गेलं होतं. अक्षरांकडे बघून ते अस्वस्थ व्हायचे. मग मी तो कागद काढून टाकला आणि स्वतःचा केला. पेढ्याच्या खोक्याच्या झाकणाएवढ्या मोठ्या चौकटी, थोड्याच, आणि अक्षर एकही नाही. नानांनी जन्मभर काढलेल्या खुणाच त्यांत काढल्या. विहिरीचं दुहेरी वर्तुळ. झाडाची त्यांची ती झुबकेदार खूण. व्हॉल्व्हचे एकमेकांना टेकलेले दोन त्रिकोण. त्या खुणा मी त्यांच्याच जुन्या नकाशांवरून उचलल्या, जशाच्या तशा.

प्रत्येक चौकटीमागे एक ओळ लिहावी लागायची. चौकट टिपल्यावर यंत्राने ओळीने काय काय करायचं, त्याची ती आज्ञा. त्या ओळीत सुरुवातीला सांगायचं, आधीचं जे काही चाललंय ते सोड. मग काय काढायचं ते. आणि जिथे माणसाने जागा दाखवायची, तिथे एक तिरका दांडा घालायचा. तो दांडा आला की यंत्र थांबतं. माणूस जागा दाखवेपर्यंत थांबतं. सुचवत नाही, वाक्य पुरं करत नाही, आवाज चढवत नाही. शिकताना तो दांडा मला साधा वाटला होता. त्या उन्हाळ्यात मला वाटलं, आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात असा एक बसवता आला असता तर.

मदनशेठना विचारलं. दुपारी जेवणानंतर ते गादीवर लवंडायचे, दुकानाचं शटर अर्धं खाली, कामाचा खोळंबा नाही. त्यांनी थोडा विचार केला. नानांच्या बोर्डावर तोपर्यंत पाइपांच्या जोडांची खोकी रचली गेली होती; त्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि ते ओशाळले. म्हणाले, आणा, काचेच्या खोलीत बसवा, तिथे गार आहे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बोर्डावरची खोकी हलवलेली होती.

तर भर दुपारी, डोक्यावर ओला पंचा टाकून, माय आणि मी नानांना रिक्षातून आणायचो आणि जिन्याने वर न्यायचो. वर पोचलं की ते आधी आपल्या बोर्डाकडे बघायचे. मग काचेच्या खोलीत. पेन हातात दिलं त्या दिवशी त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, टोक बघितलं, आणि बोटांत असं धरलं की मला दुसरीकडे तोंड करावं लागलं. डावा हात होता, थरथरत होता, पण धरणं तेच होतं.

आणि मग नाना चुकायला लागले.

सगळ्यांत मोठी चौकट मी शेताची केली होती. ती टिपली की यंत्र शेताचे चार कोपरे मागणार, ते झाले की विहिरीची जागा मागणार आणि दुहेरी वर्तुळ ठेवणार. आधी हद्द, मग आतलं. पुस्तकात तशीच पद्धत दिली होती. फैजपूरच्या एका शेताचं रेखाटन पाटीवर चिकटवलं आणि नानांना म्हटलं, करा. त्यांनी चौकट टिपली. मग पेन नेलं ते शेताच्या मध्यभागी. टक. मग एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. पडद्यावर शेताची एक बाजू आत ओढली गेली होती आणि विहीर बांधाच्या टोकाला जाऊन बसली होती. मी पुसलं. पुन्हा करून दाखवलं, त्यांचं बोट धरून. हा पहिला कोपरा, नाना. नानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, शे. आणि पुन्हा पेन मध्यभागी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुसरं शेत दिलं, तरी तेच. मध्यभागी टक, आणि शेत पिळलेल्या धोतरासारखं. मदनशेठ एकदा काचेबाहेर उभं राहून बघून गेले. मी समजावत राहिले आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा मोठ्याने बोलतेय. कोपरा नाना, को-प-रा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि काचेतून बाहेर, बोर्डाकडे बघत बसले. त्या दिवशी मला भीती वाटली. काका म्हणतात ते खरं असेल तर? आतमध्ये आता कोणी नसेल तर? आखाजी चार दिवसांवर आली होती, गल्लीत पोरींचे झोके बांधून झाले होते, आणि त्यांची गाणी ऐकून मला रडायला येत होतं.

दुसऱ्या दिवशी माय नानांना आणताना डबाही घेऊन आली. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. ती एरवी काचेच्या खोलीत यायची नाही, चपला काढाव्या लागतात म्हणून नव्हे, यंत्राला आपलं काही लागेल अशी तिला धास्ती. त्या दिवशी आली आणि पदराने वारा घेत नानांच्या मागे उभी राहिली. नानांनी चौकट टिपली. पेन मध्यभागी. मी कपाळाला हात लावला आणि तिला म्हटलं, बघ, रोज हे असं, रोज इथेच. तिने रेखाटनावर जरा वाकून पाहिलं. तिथे विहिरीचं वर्तुळ होतं.

“त्या कोठेबी गयात तरी पहिले विहिरवरच जातस,” माय नानांकडे बघत म्हणाली, आणि डबा सोडायला बसली.

रोज तीच चूक. बुद्धी गेलेला माणूस रोज वेगळं चुकला असता. हा माणूस रोज एकाच ठिकाणी, एकाच क्रमाने, न चुकता टेकवत होता. पिशवी कठड्यावर ठेवत होता. विहिरीवरून टेप धरायचा, तिथून कोपरे मोजत जायचे. केळीला पाणी जिथून येणार तिथून शेत सुरू होतं, हद्दीपासून नाही. आमच्या भागात मोजणारा कुठलाही माणूस हेच करील. पुरा झालेला नकाशा बघून ते कळत नाही. आणि हे सांगायला त्यांच्याजवळ एकच शब्द होता, आणि तो ते मला सारखा सांगत होते.

जेवायला थांबलेच नाही. ती ओळ उघडली. विहीर उचलून पुढे आणली, तिच्यामागे तिरका दांडा. मग शेत, आणि चार दांडे. बदल तेवढाच. मेनू पुन्हा चढवला. नानांनी चौकट टिपली. पेन मध्यभागी. पडद्यावर दुहेरी वर्तुळ उमटलं. ते थांबले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग एक कोपरा. खूप वेळ गेला, हात खाली आला, पुन्हा वर गेला. दुसरा. यंत्र थांबलं होतं. मायने घास हातात तसाच धरला होता. तिसरा. चौथा. शेत सरळ उभं राहिलं, विहीर आत, आपल्या जागी.

आखाजीच्या आदल्या दिवशी काका आले. सोबत पिशवीत नवं धोतर, गावी नेताना नेसवायला. मी म्हटलं, आधी ऑफिसात चला. ते कुरकुरले, बस चुकेल म्हणाले, पण आले. जिना चढताना नानांना एका बाजूने त्यांनीच धरलं. काचेच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली, ते कडेवर बसले. मी नानांसमोर फैजपूरचं रेखाटन चिकटवायला घेतलं. नानांनी डाव्या हाताने ते बाजूला सारलं. मी पुन्हा ठेवलं. त्यांनी पुन्हा सारलं. काका हळूच माझ्याकडे बघून नको म्हणून खुणावू लागले. राहू दे पोरी, त्याला त्रास देऊ नको, असं. मी त्यांना म्हटलं, काका, थांबा.

मोकळ्या पाटीवर नानांनी शेताची चौकट टिपली. मग पेन. पडद्यावर विहीर उमटली. एक कोपरा वर, दुसरा लांब, उजवीकडे. तिसरा मात्र एकदम आत घेतला, तिथे शेत अरुंद होत होतं. चौथा. नदीकाठची जमीन असते तसा काहीतरी आकार झाला. मला तो ओळखीचा नव्हता. काका पुढे सरकले. नानांनी झाडाची चौकट टिपली, पेन विहिरीच्या जवळ आणलं, जरा खाली, जरा डावीकडे, हलवलं, पुन्हा हलवलं, आणि टेकवलं. झुबकेदार खूण बसली.

काका उठून उभे राहिले. ते आमचं सोनगीरचं शेत होतं, आणि तिथे पूर्वी माझ्या आजोबांनी लावलेला आंबा होता. काका लहान असताना तो वादळात पडला. नंतर त्याच्या जागेवरून नांगर फिरला आणि नक्की कुठे होता ते गावात कोणाला सांगता येत नव्हतं, काकांनाही. त्यांनी पडद्याला बोट लावलं, नाल्याने शेत आत कापलंय तिथे, मग विहिरीला, मग झाडाला. मग खाली बसले, नानांच्या पायाशी, जमिनीवर.

“दादा,” ते म्हणाले, “तुले तं बठ्ठं याद शे.”

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. “शे,” म्हणाले.

संध्याकाळच्या बसने काका एकटे गेले. तो नकाशा मी प्लॉटरवर काढून दिला होता; वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी तो मांडीवर धरला होता. धोतर इथेच ठेवलं. आखाजीला नानांनी ते नेसलं. पुढे पाऊस पडल्यावर काकांनी विहिरीपासून टेप धरला आणि नकाशात होतं तिथेच आंब्याचं रोप लावलं, असं त्यांनी कळवलं.

नानांनी त्या हंगामात काही शेतं काढली. फार नाही. एकेका शेताला दुपार जायची आणि बाकीचं पाइपांचं काम मलाच करावं लागायचं. पण पहिलं टिंब त्यांचं. मदनशेठ शेतकऱ्यांना सांगायचे, नानासाबनी काढलंय. पुढचा हिवाळा त्यांना लागला नाही. भरताची वांगी बाजारात यायला लागली होती, तेव्हा दुसरा झटका आला आणि ते गेले. तो एक उन्हाळा मिळाला आम्हाला. मला तो पुरला नाही, अजून पुरलेला नाही.

आता पाटी नाही. नव्या प्रोग्राममध्ये हत्यारांच्या रंगीत पेट्या पडद्याच्या कडेलाच येतात, हव्या तशा भरा. त्यांच्या तयार पेटीत शेत काढायला आधी हद्द मागतात, अजूनही. मी ती काढून टाकते. माझी ओळ लिहिते, आधी विहीर, मग दांडा, आणि ती बरोबर चालते का ते बघायला दरवेळी सोनगीरचं शेत काढते. काल दुपारीही काढलं. उद्या आखाजी आहे, नानांच्या नावाने पाण्याची घागर भरायची आहे, माठवाल्याकडून नवी आणून ठेवली आहे. कूलर चालू होता. विहीर ठेवली, यंत्र थांबलं. चार कोपरे टिपले, तिसरा आत घेतला. मग आंबा, विहिरीच्या जरा खाली, जरा डावीकडे. हे झालं की मी थोडी थांबते, दरवेळी. खोलीत दुसरं कोणी नसतं. मग मीच म्हणते, शे.